जांभ्याची धूळ आणि झिर्कोनियाची चकती : प्रकल्प नोंदी

१७ जानेवारी

मारुती मंदिरच्या पुढे ज्या गॅरेजला माझी स्कूटर जाते तिथल्या दादांकडून आज एक काढून टाकलेला ऑक्सिजन सेन्सर मागून आणला. बीएस-६ लागू झालं एप्रिल २०२० मध्ये, तेव्हापासून नव्या पेट्रोल दुचाकींच्या सायलेन्सर पाइपला हा सहसा बसवलेला असतो, पण प्रकल्पातल्या माझ्या दोन्ही पोरांनी, म्हणजे एक विद्यार्थी आणि एक विद्यार्थिनी, कधी बघितलेला नव्हता. टोकाला भोकं पाडलेली स्टीलची टोपी असते, ती कापली की आत अंगुस्तानासारखी एक पांढरट वाटी दिसते. ती झिर्कोनियाची, म्हणजे झिर्कोनियम धातूच्या ऑक्साइडची. आतबाहेर प्लॅटिनमचा पातळ थर.

लॅबमध्ये ब्लो टॉर्चच्या ज्योतीत ते टोक धरलं आणि वायरला मल्टिमीटर लावला. एक मिनिट काहीच नाही, मग आकडा हलायला लागला, ज्योत पिवळी केली म्हणजे गॅस जास्त हवा कमी तर ०.७८ व्होल्ट, आणि हवा वाढवली की धाडकन खाली ०.१ च्या आसपास. दोन्ही पोरांनी आळीपाळीने दहा वेळा तरी करून बघितलं. ना बॅटरी, ना फिरणारं काही, नुसती एक तापलेली वाटी, तिच्या एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला जळण.

आमचा प्रकल्प हाच आहे. हेच मटेरियल घेऊन स्वतःच्या हाताने चकती बनवायची आणि तिच्यातून व्होल्टेज काढायचं, म्हणजे जळणातून ज्योत न पेटवता थेट वीज काढणाऱ्या सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेलचा अगदी मधला भाग, आयन पलीकडे जाऊ देणारा थर, इलेक्ट्रोलाइट. मोठ्या संस्थांमध्ये हे काम वर्षानुवर्षं चालू आहे, कोलकात्याच्या सीजीसीआरआय या काच-सिरॅमिक संशोधन संस्थेत पूर्ण स्टॅक, म्हणजे अनेक सेल एकावर एक रचलेले, बनवलेत. आपल्याला स्टॅक नको, एक चकती हवी, पण ती खरी हवी.

२९ जानेवारी

पावडर आली. ८ मोल टक्के यिट्रिया (यिट्रियमचं ऑक्साइड) घातलेला झिर्कोनिया, मैद्यापेक्षा मऊ, चिमटीत घेतली तर आहे की नाही कळत नाही.

पोरीने विचारलं की नुसता झिर्कोनिया का नाही घेतला, स्वस्त पडला असता. प्रश्न बरोबर आहे म्हणून इथे लिहून ठेवते. शुद्ध झिर्कोनिया तापवला की ११७० अंशांच्या आसपास त्याची स्फटिकरचना बदलते आणि परत थंड होताना जुन्या रचनेत येताना तो ४-५ टक्के फुगतो, एवढं फुगणं कुठल्याच चकतीला सोसत नाही, तडा जातोच. यिट्रियामुळे ती उलथापालथ थांबते. आणि दुसरं काम त्याहून महत्त्वाचं. झिर्कोनियम चार प्लसवाला, यिट्रियम तीन प्लसवाला, त्यामुळे दोन यिट्रियम बसले की ऑक्सिजनची एक जागा रिकामी राहते, आणि भरलेल्या एसटीत एक सीट रिकामी झाली की जसे एकेक जण पुढे सरकतात तसे ऑक्सिजनचे आयन त्या रिकाम्या जागांवरून सरकत सरकत पलीकडे जातात. इलेक्ट्रॉन मात्र आतून जाऊ शकत नाहीत, त्यांना बाहेरच्या वायरने जावं लागतं. तीच आपली वीज.

जर्मन शास्त्रज्ञ नेर्न्स्टने १८९० च्या दशकाच्या शेवटी याच मिश्रणाची कांडी करून दिवा पेटवला होता, आणि १९३७ साली बाउर आणि प्राइस यांनी झुरिकमध्ये पहिला सेल १००० अंशांवर चालवून दाखवला. पोरांना सांगितलं की मटेरियल सव्वाशे वर्षं जुनं आहे, म्हणजे नाही जमलं तर दोष आपल्या हाताचा.

१ ग्रॅम पावडर, २० मिमीची डाय म्हणजे साचा, हायड्रॉलिक प्रेसवर ३ टन. पहिल्या चारही चकत्या डायमधून काढताना वरचं झाकण निघावं तशा आडव्या सुटल्या. आत हवा अडकते आणि दाब एकदम सोडला की ती बाहेर पडायला बघते. उद्यापासून दाब हळू वाढवायचा, दोन मिनिटं धरायचा, हळू सोडायचा, डायच्या भिंतीला स्टिअरिक ॲसिड लावायचं आणि पावडरमध्ये कण धरून ठेवायला २ टक्के पीव्हीए हा डिंक.

७ फेब्रुवारी

झाकणं सुटायची थांबली. चकती ५ आणि ६ भट्टीत गेल्या आणि आज बाहेर आल्या.

भट्टीचा प्रोग्रॅम : मिनिटाला १ अंश असं ५०० पर्यंत, तिथे एक तास म्हणजे पीव्हीए जळून जातं, मग मिनिटाला ३ अंशांनी १४५० पर्यंत, तिथे ४ तास, मग तशीच ३ अंशांनी खाली. चढायला आणि थांबायला मिळून १८ तास, उतरायला आणखी आठ. आमचे शिपाईमामा रात्री लॅबबाहेर खुर्ची टाकून बसले होते. त्यांची सासुरवाडी कुंभारांची, त्यांना मिनिटाला १ अंश म्हटल्यावर काही समजवावं लागलं नाही. म्हणाले, "मॅडम, आमच्या सासऱ्यांचा पण ह्योच नियम, आधी धूर जाऊ द्यायचा, मग जाळ वाढवायचा. घाई केलीव की मडकं बोलतंच."

चकती २० मिमीची १५.५ झाली. बघायला मजा येते, तीच वस्तू पण कोणीतरी छोटी करून ठेवल्यासारखी, कडक, वाजवली तर चिनी मातीच्या बशीसारखा नाद. पण पांढऱ्याशुभ्र अंगावर कॉफीच्या रंगाचे बारीक ठिपके आहेत. पाचवर सात, सहावर अकरा. भिंगाखाली मोजले.

१० फेब्रुवारी

तीन दिवस ठिपक्यांच्या मागे आहे. पावडर चांगली, पाणी डिस्टिल्ड, खल अगेटचा. शेवटी आज सकाळी खिडकीतून ऊन आत आलं तेव्हा त्या उन्हाच्या पट्ट्यात तांबूस धूळ तरंगताना दिसली आणि डोक्यात प्रकाश पडला. आमच्या लॅबची भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची आहे, गिलावा नाही. बाहेरून दिसायला सुंदर आणि उन्हाळ्यात गार, पण हात फिरवला तर तळहात लाल होतो. टेबल रोज पुसतो आणि रोज ती परत बसते. आपल्या इथल्या जांभ्यात लोखंड, ॲल्युमिनियम आणि थोडी सिलिका, म्हणजे चकतीवरचे ते ठिपके कॉलेजच्या भिंतीचे.

लोखंडाचा डाग निदान दिसतो. सिलिका दिसत नाही आणि ती जास्त वाईट. चकती म्हणजे बारीक बारीक कण एकमेकांना चिकटलेले, आणि सिलिका १४५० ला त्या कणांच्या सांध्यांत काचेसारखी पसरते, मग ऑक्सिजनचे आयन कणाच्या आतून मजेत जातात आणि सांध्याशी येऊन अडकतात. एलसीआर मीटरवर ३५० अंशांना चकती ६ चा रोध वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला मोजून आलेख काढला तर दोन अर्धवर्तुळं येतात, पहिलं कणांचं, दुसरं सांध्यांचं, जितकं मोठं तितका रोध जास्त, आणि हे दुसरं पहिल्यापेक्षा बरंच मोठं आलंय.

निर्णय : भिंतीला ऑइल पेंट. प्राचार्यांना अर्ज दिला, पण तोवर थांबायचं नाही म्हणून जाड प्लॅस्टिकची ताडपत्री लावून कोपऱ्यात एक खोपटं केलंय, पावडरचं सगळं काम त्याच्या आत, चपला बाहेर, पंखा बंद. गरम होतं, पण करायचं.

२१ फेब्रुवारी

खोपट्यातली पहिली चकती, नंबर ७. एकही ठिपका नाही. त्याच तापमानाला मोजली, दुसरं अर्धवर्तुळ सहाच्या जवळजवळ निम्मं. पोरगी आकडा बघून काही बोलली नाही, वही घेऊन ग्राफ तीनदा काढला तिने, तिन्ही वेळा तोच.

घनता : हवेत वजन ०.९८० ग्रॅम, पाण्यात लोंबकळती ०.८०८, म्हणजे ५.७० ग्रॅम प्रति घनसेंमी. पूर्ण भरीव ८ टक्केवाला साधारण ५.९ असतो, म्हणजे ९६-९७ टक्के.

तसंच शाईची परीक्षा. चकतीवर निळ्या शाईचा थेंब ठेवायचा, अर्धा तास थांबायचं, पुसायचं, पालथी करून बघायचं. सातची पाठ कोरडी, पांढरी. ही परीक्षा मला कुठल्याही मीटरपेक्षा आवडते कारण ती मामांनाही दाखवता येते.

सात नंबर चिमट्यातून पडून फुटली. संध्याकाळी ५.२० ला, डेसिकेटरमध्ये, म्हणजे दमट हवा न लागू देणाऱ्या बंद बरणीत ठेवताना. माझ्या हातून. सिरॅमिक दाब कितीही सोसेल, पण टाइल्सवर कडेने पडलं की संपलं. आजपासून टेबलावर रबरी मॅट, आणि चकती उचलायची ती मॅटच्या वरच.

११ मार्च

शिमगा. मामा गावी, पालखी त्यांच्याकडे येणार आहे, अर्धं कॉलेज रिकामं. भट्टीला रात्री माणूस नाही म्हणून काही लावलं नाही. पोरांना सांगितलं घरी जा, पालखी नाचवा, पुढच्या आठवड्यात भेटू.

१९ मार्च

चकती ८ रात्री १४५० ला पोचली आणि चाळीस मिनिटांत लाइट गेली. पहाटे साडेपाचला आली. भट्टी इन्व्हर्टरवर चालत नाही आणि जनरेटर एवढा मोठा नाही.

मला वाटलं तडकली असणार, पण भट्टीच्या आतलं अस्तर ॲल्युमिनाच्या फायबरचं, तेही सिरॅमिकच, त्याने उष्णता धरून ठेवली आणि चकती हळूहळूच निवली. अखंड आहे. बघून खूप हायसं वाटलं. मग मोजली तर घनता ८९ टक्के. शाईचा थेंब ठेवला आणि अर्ध्या तासाने पाठीवर निळा डाग, मोहरीएवढा, अगदी स्पष्ट.

हे पोरांना नीट कळावं म्हणून ती चकती टाकली नाही, काचेच्या डबीत घालून फळीवर ठेवली आहे. बाहेरून सात आणि आठ सारख्याच दिसायच्या. पण कण एकमेकांना पूर्ण चिकटायला वेळ लागतो, आधी आतली छिद्रं एकमेकांना जोडलेली असतात, बोगद्यासारखी, घनता ९२-९३ टक्क्यांच्या वर गेली की ती तुटून सुटे सुटे बुडबुडे राहतात. तेवढे चालतात. बोगदा नाही चालत, कारण मग एका बाजूचा जळणाचा हायड्रोजन आणि दुसऱ्या बाजूचा ऑक्सिजन आतल्या आतच भेटतात आणि वीज न देता नुसते जळतात.

पुढची चकती दुपारी बाराला चालू करायची, म्हणजे ४ तासांचा महत्त्वाचा भाग पहाटे दोन ते सहात येतो, तेव्हा लाइट सहसा जात नाही.

४ एप्रिल

चकती ९. घनता ९७. शाई नाही उतरली. दोन्ही बाजूंना इलेक्ट्रोड म्हणून सिल्व्हर पेस्ट लावून ८०० ला भाजली. चांदी ९६२ ला वितळते, त्यामुळे आमचं सगळं काम यापुढे त्याच्या खालीच.

आता ती ॲल्युमिनाच्या नळीच्या तोंडावर चिकटवायची, हवाबंद. साधी खिडकीची काच कुटून, चाळून, टर्पिनॉलमध्ये कालवून त्याचा लेप लावला. ८५० ला काच पातळ होऊन बसेल, मग ७२७ वर आणायचं. ७२७ का, तर ते बरोबर १००० केल्विन, हिशोब सोपा.

पहिला प्रयोग ऑक्सिजनचा. नळीच्या आत वेल्डिंगवाल्यांकडचा शुद्ध ऑक्सिजन, बाहेर आपली साधी हवा ज्यात तो २१ टक्के. दोन बाजूंच्या ऑक्सिजनमधल्या फरकावरून व्होल्टेज सांगणाऱ्या नेर्न्स्टच्या सूत्राने ३३.६ मिलिव्होल्ट यायला हवेत, ना कमी ना जास्त. ही संख्या फळ्यावर मोठी लिहून ठेवलीय.

९ एप्रिल

१८.९ मिलिव्होल्ट.

११ एप्रिल

दोन दिवस गळती शोधली. मीटर बदलला, वायर बदलल्या. शेवटी सगळं थंड करून, नळीत हलकी हवा सोडून साबणाचा फेस लावला, गॅसच्या शेगडीला लावतात तसा, आणि काचेच्या लेपात एका जागी फुगा आला. लेप एका बाजूला जाड आणि एका बाजूला पातळ झाला होता. पोरगा म्हणाला, मी लावला होता. मी म्हटलं की लेप दोघांनी लावला, मी समोर उभी होते.

दुसऱ्यांदा लावताना मामांना बोलावलं. त्यांनी नळी उभी हातात धरून हळू फिरवत, ओल्या बोटाने सांधा सारखा केला, मडक्याच्या कडेला फिरवतात तसा. एकदा बघितल्यावर पोरांनाही जमलं.

१६ एप्रिल

दुपारी ३.४० : ३२.८ मिलिव्होल्ट. ऑक्सिजन बंद करून आत पण हवाच सोडली : ०.२. परत ऑक्सिजन : ३२.७. तासभर स्थिर.

३३.६ मधले ३२.८. आमच्या हातची चकती नेर्न्स्टचं सूत्र पाळते आहे. पोरीने फळ्यावरच्या आकड्याखाली हा आकडा लिहिला. मामांनी घरून हापूस आणले होते, ते तिथेच बाहेर व्हरांड्यात बसून खाल्ले, लॅबच्या आत नाही, आंब्याचा हात पावडरला नको.

५ मे

परीक्षा संपल्या. मधल्या काळात दुसरं एक काम हातात घेतलं, ते इथे लिहिते कारण ते याच रस्त्यावरचं आहे.

असा सेल हायड्रोजनवरच चालवावा लागतो असं नाही, निकेलचा ॲनोड (जळणाच्या बाजूचा इलेक्ट्रोड) असला तर मिथेनवर म्हणजे गोबरगॅसवरही चालतो, आणि इथल्या वाड्यांत गोबरगॅस भरपूर. अडचण हायड्रोजन सल्फाइडची. शेणाच्या गॅसमध्ये तो शेकडो पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत शेकडो, असू शकतो आणि निकेलला दोनचार पीपीएमसुद्धा बाधतात. शेजारच्या वाडीत एका काकूंकडे प्लांट आहे, त्यांना विचारलं की वास येतो का, तर म्हणाल्या, "वासाचं सोड गो, देव्हाऱ्यातलं निरांजन बघ." देव्हारा स्वयंपाकघरातच, चांदीचं निरांजन आठवड्यात काळं पडतं. सल्फाइडने काळा पडणारा लेड ॲसिटेटचा कागद गॅसच्या नळीसमोर धरला तर मी पाच म्हणेपर्यंत काळा झाला.

सल्फाइड धरायला आयर्न ऑक्साइड वापरतात. म्हणजे जांभा. ज्या धुळीने फेब्रुवारीत आम्हाला रडवलं तीच. पडलेल्या गडग्याचा एक चिरा फोडून ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे केले, किंचित ओले केले, अर्धा मीटर पीव्हीसी पाइपात भरले आणि काकूंचा गॅस त्यातून सोडला. कागद दहा मिनिटं पांढरा. अर्ध्या तासाने कडेला फिकट तपकिरी. पाइप उघडला तर गॅस शिरतो त्या टोकाचे दाणे लाल राहिलेच नव्हते, काळे झाले होते, चार बोटं आत गेलं की परत लाल. काळे दाणे उघड्यावर पसरले की हवेने दोन दिवसांत पुन्हा तांबूस होतात आणि परत वापरता येतात. मात्र ढीग करायचा नाही, हवा लागली की ते तापतात, पेटूही शकतात. काकूंना हे दोनदा सांगितलं आणि पसरायची जागा गवताच्या गंजीपासून लांब ठरवून दिली.

आता पाइप त्यांच्याकडेच बसवून ठेवलाय. कागदांचा गठ्ठा दिलाय, त्या रोज एक लावून तारीख घालणार आहेत.

२४ मे

पुण्याहून सिलिंडर आला, ५ टक्के हायड्रोजन बाकी आर्गॉन. शुद्ध हायड्रोजन आमच्या खोलीत मी आणणार नाही, खिडक्या पुरेशा नाहीत. गॅस पाण्याच्या बाटलीतून बुडबुडत नेला म्हणजे ३ टक्के वाफ मिसळते. ७२७ ला हिशोबाने ०.९८ व्होल्ट.

सकाळी ११.१५ : ०.९३.

मग १०० ओहमचा रेझिस्टर जोडला आणि आकडा ०.६८ वर येऊन थांबला. म्हणजे ६.८ मिलिअँप, साडेचार मिलिवॉट. एवढ्याने काहीच पेटत नाही. पण ही वीज आमच्या चकतीतून आलेली आहे आणि मागे निघालं ते फक्त पाणी.

आतला रोध ३७ ओहम निघतो, त्यात चकतीचा वाटा हिशोबाने १० च्या आसपास, बाकी सगळा चांदीच्या इलेक्ट्रोडचा. दोन्हींवर उपाय आहे. आमची चकती ०.९ मिमी जाड, खरे सेल बनवणारे हाच थर १० मायक्रॉनच्या आसपास करतात आणि ताकदीसाठी खाली निकेलचा जाड ॲनोड देतात. पुढच्या वर्षी तिकडे जायचं. निकेल ऑक्साइड आणि झिर्कोनिया एकत्र दाबून आधी ती भाकरी करायची, वर झिर्कोनियाचा पातळ लेप, दोन्ही एकदम भाजायचं, आणि दोघांचं आकसणं जुळलं नाही तर पापडासारखं वळणार हे धरून चालायचं.

९ जून

मृग लागला तसा परवापासून पाऊस. दमट हवेत पावडरचे गोळे होतात, दाबली की डायला चिकटते, म्हणून आता दाबायचं काम गणपतीपर्यंत बंद.

भट्टीच्या मागचं झाकण उघडलं तर ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर पांढरी बुरशीसारखी खार, समुद्र दीड किलोमीटरवर आहे त्याचा हा हिशोब. घासून काढलं, पट्ट्या आवळल्या, मोकळ्या राहिल्या असत्या तर पुढच्या चढाला तिथे ठिणगी उडून हीटिंग एलिमेंटचं टोक गेलं असतं. उरलेली पावडर १२० ला सुकवून, दोन डब्यांत, सिलिका जेल घालून बंद. चकती ९ नळीवरच आहे, ती काढायची नाही, तशीच डेसिकेटरमध्ये.

ऑइल पेंटचा अर्ज मंजूर झाला. भिंत ओली आहे, पाऊस गेल्यावर मारणार.

काकूंनी कागद पाठवले, ३५ दिवसांचे, प्रत्येकावर पेन्सिलने तारीख. एकविसाव्या दिवसापर्यंत पांढरे, मग कडा तपकिरी, सव्विसाव्याला पूर्ण काळा. सत्ताविसावा परत पांढरा, त्याच्या मागे लिहिलंय "दाणे बदलले".